परसातला उलटा पट्टा

मित्रांनो, मी हिरवा आहे, पण गवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नंतर गैरसमज नको. शेजारच्या बकरीचा झाला होता. तिने मोठ्या विश्वासाने माझा एक घास घेतला आणि मग बराच वेळ डोंगराकडे बघत उभी राहिली.

मी टेनिसच्या एका छोट्या मैदानावर अंथरलेल्या नकली गवताचा जुना पट्टा आहे. आम्ही सहा भावंडं, एकाच यंत्रातून निघालेली. मी तिसरा. आमची पाती जन्मापासून एका अंगाला झुकलेली असतात, नुकतंच झोपेतून उठल्यासारखी. सहाही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकवून अंथरायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. गोदामात गुंडाळी होऊन पडलो होतो तेव्हा मला वाटायचं, आपण जिथे जाऊ तिथे ढग पायाशी असेल. आता सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तसंच झालं.

ते घर डोंगराच्या उतारावर होतं. इतक्या उतारावर, की जेवणाच्या टेबलाच्या दोन पायांखालीसुद्धा लाकडी चकत्या होत्या. घरात दोघं राहायची. साहेब निवृत्त मोजणीदार. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि घरी आल्यावर चपलांच्या जोड्या मोजून लावल्या. बाई निवृत्त खेळशिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी पळायला शिकवलं होतं, म्हणून गाव त्यांना बाई म्हणायचं.

पण बाई घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, बाई मात्र खिडकीशी बसल्या त्या बसल्याच. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल. साहेबांनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, फोनवरून मुलीला रडायला लावून पाहिलं. बाईंचं उत्तर ठरलेलं असे, की खाली बघण्यासारखं आहे काय?

तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, की मला टेनिस खेळायचंय. या माणसाने आयुष्यात डासांसाठी सोडून कशासाठी रॅकेट धरली नव्हती.

मिस्त्री आला. त्याने मागचा उतार खणून पायरीसारखा सपाट केला, त्यावर खडी, खडीवर बारीक कच पसरून धुम्मसाने ठोकून घट्ट बसवली. घरापर्यंत गाडी येत नव्हती, म्हणून आम्हाला बांबूला बांधून पाऊलवाटेने वर आणलं. वरातच म्हणा, फक्त नवरदेव गुंडाळलेला. कुठला पट्टा कुठल्या तोंडाने अंथरायचा हे कळावं म्हणून मिस्त्रीने प्रत्येकाच्या टोकाला खडूने बाण काढला होता.

आता इथे साहेबांची स्वच्छता आडवी आली. मिस्त्री जेवायला गेला असताना माझ्या सुरकुत्या जाव्यात म्हणून त्यांनी मला ओट्यावर उलगडलं. टोकाला खडूचा डाग दिसला. तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला आणि मला दुसऱ्या टोकाकडून छान घट्ट गुंडाळून ठेवलं. वर स्वतःवर खूशही झाले.

त्याच दुपारी एक ढग परसात उतरला आणि दोन दिवस पाहुण्यासारखा राहिला. हात लांब केला तर बोटं दिसेनात. त्या पांढऱ्या धुक्यात मिस्त्रीने आम्हाला अंदाजाने, हाताने चाचपत अंथरलं, सांधे चिकटवले. मला तर आपण आकाशातच अंथरले जातोय असं वाटत होतं. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं, पण मला विचारतो कोण.

तिसऱ्या सकाळी ढग उठून गेला. मिस्त्री आणि साहेब माझ्यावर उभे राहून कौतुक करत होते, तेवढ्यात खिडकी उघडली.

"अहो, तो तिसरा पट्टा उलटा आहे."

दोघांनी खाली पाहिलं. वरून सरळ बघितलं तर आम्ही सगळे सारखेच दिसतो. दुरून, तिरकं बघणाऱ्यालाच मी फिकट दिसतो. मिस्त्री म्हणाला, बाई, उन्हाचा खेळ आहे. साहेब म्हणाले, मी स्वतः उभा आहे ना इथे. बाई म्हणाल्या, उभं राहून काय होतं, दिसायला पाहिजे. असं बराच वेळ चाललं. शेवटी मिस्त्री हसून म्हणाला, "तीस वर्षं हेच करतोय बाई. तिथून नाही कळायचं."

खिडकी बंद झाली. मग दार उघडलं.

मधे अकरा पायऱ्या होत्या. साहेब पुढे धावणार होते, पण मिस्त्रीने त्यांची बाही धरून ठेवली. बाई एकेका पायरीवर थांबत, मिस्त्रीच्या तीस वर्षांचा उद्धार करत खाली आल्या. माझ्यापाशी येऊन वाकल्या आणि तळवा फिरवला, आधी माझ्या भावावरून, मग माझ्यावरून.

"हा बघा. मांजराला उलटं कुरवाळल्यासारखा लागतोय."

मिस्त्रीने हात फिरवला आणि त्याचे कान लाल झाले. साहेबांनी फडक्याची हकीकत सांगितली. मिस्त्रीने मला उपटायला सुरी काढली, गोंद अजून ओला होता. मी पाती आवळून घेतली.

बाईंनी वर पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा सरळ केलात तर उद्या मी खाली येऊन भांडू कुणाशी?"

त्या खरंच रोज भांडायला आल्या. आधी काठी टेकत, मग काठीने चेंडू ढकलत, पुढे रॅकेट घेऊन. चेंडू माझ्यावर आला की जरा रेंगाळतो. साहेब हरले की दोष मला देतात. त्यांनी दरीत इतके चेंडू घालवले, की खालच्या वस्तीत टेनिस सुरू झालं.

एका पावसाळ्यात दोघं मुलीकडे गेली, तेव्हा माझ्यावर शेवाळ चढलं, पानं कुजली. महिनाभर मला स्वप्नंसुद्धा ओली पडायची. परत आल्यावर बाईंनी कडक झाडूने मला घासून काढलं. आता मधोमध मला टक्कल पडलंय. तरी मी आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची पाती महिन्यातून एकदा झुकण्याच्या विरुद्ध झाडा, म्हणजे ती उभी राहतात. आणि तुमच्या घरी कुणी खिडकीशी बसून राहिलं असेल, तर त्यांना बाहेर चला म्हणून छळू नका. त्यांना नीट दिसेल अशा ठिकाणी काहीतरी चुकीचं करून ठेवा, आणि ती चूक काही केल्या कबूल करू नका.