वापरातला पत्रा

लीलाबाईंच्या नातीचं, पिंकीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. पिंकी सासरी गेली होती, मांडव अजून सोडायचा होता, आणि गौतमी लीलाबाईंच्या घरामागे उभी राहून भिंतीला टेकवलेल्या पत्र्याकडे बघत होती.

"आजी, हाच का तो?"

"ह्योच. हात नको लावू. काजळी लवकर निघत न्हाई."

पत्रा साधाच, घरावर घालतात तसला; पण मधोमध काळाठिक्कर आणि कडांना वाकलेला. गावच्या स्मशानात शेड होतं, पण तिथे वरच्या आळीचीच माणसं जात. बौद्धवस्तीची माणसं ओढ्याकाठी, उघड्यावर. मुळशीचा पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस उघडत नाही. अशात कुणी गेलं की चौघांनी हातांना ओली पोती गुंडाळायची आणि चितेवर हा पत्रा धरून उभं राहायचं. धग सोसेनाशी झाली की दुसरे चौघे पुढे यायचे. पत्रा लीलाबाईंच्या सासऱ्यांनी आणलेला, म्हणून तो त्यांच्या भिंतीला आणि पोती भिजवून द्यायचं काम त्यांच्याकडे. सासऱ्यांची चिता त्याच्याखालीच जळाली, सासूबाईंचीही.

घोटावड्याच्या बंद भातगिरणीत एका संस्थेने हक्कांच्या लढ्याचं संग्रहालय मांडायला घेतलं होतं. गौतमी तिथली. चहाच्या टपरीवर वस्तीसाठी वेगळे ठेवलेले कप तिला मिळाले होते, जुन्या मोर्चांचे फलक मिळाले होते. आता तिला पत्रा हवा होता.

लीलाबाईंचे यजमान गेणबा खोकत बाहेर आले. उरवड्याच्या कारखान्यात पोती वाहून त्यांची छाती कामातून गेली होती.

"देऊ की पत्रा. पर पावसाळा तोंडावर हाय, पोरी. मदीच कोन गेलं तर तुजं कुलूप फोडायला यावं लागंल."

गौतमी हसली, आणि मग तिचं हसू मावळलं. "आजोबा, म्हणजे अजून लागतो?"

"गेल्या श्रावणातच धरला की."

"मी तर पाटीवर 'पूर्वीच्या काळी' असं लिहून ठेवलंय."

"मंग तेवढं खोड."

गेल्या श्रावणातलं लीलाबाई विसरल्या नव्हत्या. वस्तीतल्या कल्पनाची सासू गेली तेव्हा पोरं कारखान्यात शिफ्टला. पत्रा धरायला म्हातारेच उरले. तो हातातून सुटला, चिता विझली, आणि डिझेल ओतून ती पुन्हा पेटवावी लागली. तेव्हापासून गेणबा खोकले की लीलाबाईंना तीच विझलेली लाकडं दिसत. देवाकडे त्या आयुष्य मागत नव्हत्या. ह्या माणसाला एकदाच, नीट जळू दे, एवढंच मागत होत्या.

जानेवारीत संग्रहालय उघडलं. पाहुणे म्हणून दादासाहेब आले. ते वरच्या आळीतले, लीलाबाईंच्या गावचे माजी सरपंच. आता आयटीवाल्यांना खोल्या भाड्याने देत. फिरत फिरत सगळे एका मोकळ्या भिंतीपाशी थांबले. भिंतीला चार लोखंडी आकडे, त्यांवर काही नाही. खाली पाटी. गेणबा पन्नाशीनंतर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले होते. त्यांनी बोट लावून मोठ्याने वाचलं, "पत्रा. भर पावसात चिता झाकण्यासाठी. वस्तू अजून वापरात आहे." त्याखाली गावाचं नाव होतं.

दादासाहेब तडकले. "गावाचं नाव कशापायी? शेड काय माज्या घरचं हाय? पंचायतीचं हाय. कुनी अडवलंय तुमाला?"

लीलाबाईंनी पदर सावरला. "मागं एकदा आमी मयत घिऊन आलो, तवा ट्रॅक्टर आडवा लावला व्हता. तुमचाच व्हता, दादासाहेब."

दोन्ही आळ्यांची माणसं भोवती उभी होती.

"ते जुनं झालं आता, लीलाबाई."

"मंग नवं बोला. हितंच, समद्यांदेखत."

दादासाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "आना की शेडात. कोन न्हाई म्हनतंय?"

"पयला नंबर माजा लावा," गेणबा म्हणाले.

सगळे हसले. दादासाहेबांनाही हसू आवरलं नाही. "या की निवांत. घाई काय हाय?"

पुढच्या जुलैत गेणबांची छाती भरून आली, आणि तीन दिवसांनी पहाटे ते गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. चार माणसं सवयीने घरामागे गेली आणि थबकली. लीलाबाई पत्र्याला पाठ लावून उभ्या होत्या, चिंब.

"काकी, सरा. येळ व्हतोय."

"पत्रा निघनार न्हाई. शेडात न्या."

"अन् कुनी आडवं आलं तर?"

"तर मी फुडं चालते."

त्या खरंच पुढे चालल्या. ओढ्याच्या फाट्यावर खांदेकऱ्यांचे पाय आपोआप डावीकडे वळले. "उजवीकडं," लीलाबाई म्हणाल्या. त्या वाटेवर दादासाहेबांचा ट्रॅक्टर उभा होता. लीलाबाई थांबल्या नाहीत. जवळ गेल्यावर दिसलं, तो कडेला होता, आणि ट्रॉलीत ताडपत्रीखाली कोरडी लाकडं होती. दादासाहेब छत्री धरून उभे होते. त्यांच्या भावकीतली तिघं-चौघं पलीकडे तोंड फिरवून उभी होती. छत्री मिटून दादासाहेब वस्तीच्या माणसांमागून चालू लागले.

चिता एकदाच पेटवावी लागली.

राख सावडून झाल्यावर लीलाबाई टेम्पोतून पत्रा घेऊन गिरणीत गेल्या. गौतमीने हातोडी आणि खिळे काढले.

"खिळं नको ठोकू," त्या म्हणाल्या. "नुसता अडकव. कंच्या गावाला लागला तर काढता आला पायजे."

गौतमीने पत्रा आकड्यांना अडकवला. मग तिने नवी पाटी घेतली आणि लीलाबाई सांगतील तसं लिहिलं:

गेणबा अठरा जुलै दोन हजार चोवीस रोजी, गुरुवारी, वारले. पाऊस होता. त्यांना शेडात जाळलं. पत्रा लागला नाही.