भूर्जांकडची खिडकी

मी मचाण बोलतोय. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे पडले, तर रागावू नका. मला ठोकणाऱ्या ब्लाझेयने शाळा लवकर सोडली होती आणि बोलणं मी त्याच्याचकडून उचललं.

त्या उन्हाळ्यात रानडुकरांनी आमच्या डोंगराखालचे बटाटे नांगर फिरवल्यासारखे उकरले, म्हणून माझा जन्म झाला. जागा निवडायला वेंडेलिनकाका आले. सत्तरीचे, गावातले सगळ्यात जुने शिकारी. त्यांनी चिमूटभर राख उडवून वारा पाहिला, डुकरांची वाट पाहिली, चुकलेली गोळी मातीत रुतेल असा समोर चढ आहे ना, तेही पाहिलं. मग माझं तोंड भूर्जांच्या झाडीकडे केलं.

त्यांची धाकटी बहीण हर्मिना काकांना आणि ब्लाझेयला पाव आणि खारवलेली चरबी घेऊन आली होती.

"पहाटे इकडे कुणी फिरकतं का गं?" काकांनी विचारलं.

"इकडे? कशाला मरायला?" ती म्हणाली आणि कांदा कापू लागली.

खोटं होतं ते. त्या भूर्जांखाली तिची आळंबीची जागा होती. आमच्याकडे माणूस घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवील, पण आळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगणार नाही. रोज पहाटे ती ओढ्याकडून येऊन झाडीत शिरायची. मी पाहायचो. दादा फक्त शनिवारी बसतो, हे तिला ठाऊक होतं.

एकदा काका गुरुवारीच आले. ती आधीच झाडीत होती.

धुकं होतं. नेच्यांमध्ये काहीतरी काळं, बुटकं, वाकून माती उकरत होतं. काकांनी बंदूक माझ्या खिडकीच्या चौकटीवर टेकवली. चाप ओढण्याआधीचा त्यांचा श्वास मला फळीफळीत जाणवला. मला ओरडायचं होतं. पण लाकडाला कुठला आवाज?

डुकराने मान वर करावी म्हणून काकांनी दातांतून हलकीच शिट्टी घातली. ते काळं जागीच आडवं झालं, जमिनीला चिकटलं. आता तर निशाण सोपं होतं. बोट चापावर गेलं.

आणि थांबलं.

डुक्कर शिट्टी ऐकून मान वर करतं, नाहीतर पळतं. चाहूल लागताच जागा लपवायला पोटावर पडतो तो आमच्या गावचा आळंबीवाला!

काकांनी गोळी काढून खिशात टाकली. "कोण आहे तिथं?"

नेच्यांतून घागऱ्याची कड आत ओढली गेली.

"अगं, बंदूक रोखली होती मी! बोल की!"

नेचे हलले. "ओरडू नकोस, दादा," हर्मिना कुजबुजली, "अख्ख्या गावाला कळेल."

काका खाली बसले. "मेली असतीस ना गं," एवढंच ते किती तरी वेळ म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंदुकीऐवजी हातोडा घेऊन आले. शिडी धरायला ब्लाझेय होता.

"अहो काका, डुकरं तिकडूनच येतात आणि तुम्ही तीच खिडकी बुजवताय?"

"वारा येतो. पाठ धरते माझी," तोंडात खिळे धरून काका म्हणाले.

ब्लाझेय मान वाकडी करून भूर्जांकडे पाहू लागला.

"तिकडे काय बघतोस? शिडी धर!" काका खेकसले आणि त्यांनी तिसरी फळी ठोकली.