रेवनच्या पत्र्याला एक भोक

प्रश्न एका भोकाचा होता. करंगळी जाईल न जाईल एवढं भोक मागच्या काचेखालच्या पत्र्यात पाडायचं, त्यातून बोल्ट घालायचा आणि त्या बोल्टाला चार वर्षांच्या टिलीच्या, गाडीत बसायच्या खुर्चीचा वरचा पट्टा अडकवायचा. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांपाशी टिलीची आई रेनाटा पावलक तीन आठवडे अडून बसली होती.

कारण गाडी साधीसुधी नव्हती. सत्तर सालची डॅनफोर्थ रेवन. दोन दारं, जांभळा रंग आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं धूड. सुरू केली की शेजारच्या मिसेस ओडेलच्या कपाटात बश्या वाजायच्या. चार वर्षांपूर्वी ती रेनाटाला ओहायोतल्या एका कोठारात सापडली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता. टिली तेव्हा पाळण्यात होती. पुढे टिलीला एकेक दात येत गेला, तसे रेवनलाही एकेक करत दिवे, आरसे, दारांच्या कड्या येत गेल्या.

रेनाटा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात पाण्याचे नमुने तपासायची. दहा लाखांत एक कण चुकीचा असला तरी तिला झोप लागायची नाही. तोच डोळा तिने गाडीला लावला होता. इंजिनावरचा आकडा, गिअरपेटीवरचा आकडा आणि पुढच्या काचेखालच्या पट्टीवरचा आकडा, तिन्ही जुळणारे. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा त्याच काळातला. सप्टेंबरात रेवनवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. तिथले परीक्षक विजेरी आणि दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा घेऊन गाडीखाली सरपटत जातात आणि एकच गोष्ट बघतात: गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का? असली तर सुवर्णचिन्ह. एक भोक जास्त निघालं, तर नाही.

पण सप्टेंबरच्या आधी ऑगस्टचा तिसरा शनिवार येतो, आणि त्या दिवशी वुडवर्ड रस्त्यावर सगळ्या जुन्या गाड्या बाहेर पडतात. त्या शनिवारी जाजाबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, मागच्या सीटवर बसवून नेईन, असं रेनाटाने जूनमध्येच टिलीला कबूल केलं होतं. टिलीने ते बालवाडीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. टपालवाल्यालाही.

रेवनला मागे फक्त कमरेचे पट्टे. रेनाटाने खुर्ची त्या पट्ट्याने आवळली, टिलीच्या वजनाची मांजराच्या वाळूची गोणी तिच्यात बसवली आणि खुर्चीचा माथा धरून पुढे हिसका दिला. खुर्ची वीतभर पुढे झुकली. वर पट्टा बांधल्याशिवाय ती झुकायची थांबणार नव्हती.

"वाळू सुखरूप आहे ना?" नवऱ्याने, कर्टिसने, दारातून विचारलं.

"हसू नकोस. तिथे टिलीचं डोकं असतं."

"मग मी टिलीला आपल्या व्हॅनमधून मागून घेऊन येतो."

"व्हॅन गुरगुरत नाही," टिली आतून ओरडली. विषय संपला.

शनिवारच्या आधीच्या गुरुवारी रेनाटाने अर्धी रजा टाकली, टिलीला बालवाडीतून थेट मैत्रिणीकडे खेळायला धाडलं आणि ड्रिल हातात घेऊन गॅरेजमध्ये उभी राहिली. उभीच राहिली.

"नुसतं धरून उभी राहिलीस तर आपोआप नाही पडत ते," मागून आवाज आला.

तिचे वडील, काझिमिर पावलक, ज्यांना सगळं हॅमट्रॅमिक गाव कॅझ म्हणून ओळखायचं, काखेत खसखशीच्या रोलचं पुडकं घेऊन दारात उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. रेवन बनायच्या त्याच कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पत्रे जोडले होते. अर्धे कान तिथेच ठेवून आल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं.

रेनाटाने सगळं सांगितलं. पट्टा, वाळू, परीक्षक, आरसा.

"एवढंच? आण ते ड्रिल इकडे."

"डॅड, हात लावू नकोस! चौपन्न वर्षांत या पत्र्याला कुणी भोक पाडलेलं नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

ते गाडीला प्रदक्षिणा घालू लागले. बॉनेट उघडंच होतं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर पिवळ्या खडूने काढलेला गोल होता, गोलात 'K 7'. कॅझनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे कुणी काढलं?"

"मी. म्हणजे तिथे मूळची खूण होती. साफ करायच्या आधी मी फोटो घेतला आणि रंग दिल्यावर तशीच्या तशी परत काढली. त्याच छटेचा मेणखडू मिळवायला दोन महिने लागले." रेनाटाच्या आवाजात नाही म्हटलं तरी अभिमान आला. "तपासनिसाची खूण आहे. सातव्या क्रमांकाची तपासणी. ॲरिझोनातल्या एका माणसाने त्यावर नऊ पानं लिहिली आहेत."

कॅझ हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग सगळेच हलायला लागले आणि आधारासाठी हात पुढे आला.

"फेंडरवर टेकू नकोस!"

"K म्हणजे कुबियाक," ते डोळे पुसत म्हणाले. "जाडा कुबियाक, माझ्या समोर उभा राहायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही युकर खेळायचो. पत्ते. गुण लिहायला कागद कुठला? समोर जी गाडी असेल तिच्यावर लिहायचं. सात म्हणजे कुबियाकचे सात डाव. लबाड होता तो, पत्ते बाहीत ठेवायचा. आणि ॲरिझोनातला तो नऊ पानं लिहितोय!"

रेनाटा ड्रिलसकट उलट्या बादलीवर बसली.

"चार वर्षं बोलला नाहीस?"

"तू बॉनेटजवळ येऊ दिलंस कधी? दर वेळी आपलं, डॅड मागे हो, डॅड कॉफी लांब ठेव."

हे खरं होतं, त्यामुळे तिला आणखीच राग आला.

"मग मला एकदाच सांग, कारखान्यातून निघालेली खरी रेवन असते तरी कशी?"

"सोमवारची की शुक्रवारची?"

"म्हणजे?"

"सोमवारी आमचे डोळे उघडायचे नाहीत आणि शुक्रवारी आमचं चित्त तळ्याकाठी मासे धरायला गेलेलं. लाइन मात्र धावत असायची. ड्रिल घसरलं, भोक चुकलं, तर शेजारी दुसरं पाडायचं आणि पहिल्यात काळं रबरी बूच. फोरमन म्हणायचा, पाणी गळलं नाही म्हणजे झालं. तुझ्या डिकीच्या तळाला डावीकडे दोन बुचं असतील बघ."

रेनाटाने डिकीकडे पाहिलं. होती. दोनच होती. त्या जातीची बुचं कुठे मिळेनात म्हणून तिने सहा महिने पत्रं लिहून कॅनडातल्या एका म्हाताऱ्याकडून ती मागवली होती आणि पोचली त्या दिवशी आनंदाने केक आणला होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या चुका घासूनपुसून जागच्या जागी बसवत होते."

"फार सुंदर बसवल्यास," कॅझ मनापासून म्हणाले. "आम्हाला इतक्या नीट नव्हत्या जमल्या."

आता हसावं की बाप हाकलून द्यावा, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात कॅझनी दारातून आत वाकून टिलीच्या खुर्चीचा माथा धरला आणि हिसका दिला. खुर्ची पुढे झुकली. त्यांनी परत दिला. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तुझी हनुवटी," ते म्हणाले.

रेनाटाच्या हनुवटीखाली तांदळाएवढा पांढरा व्रण होता. तीही तेव्हा चारच वर्षांची होती. कॅझची स्वतःची जुनी रेवन, पुढची सीट, आणि त्या सीटवर वडिलांच्या खांद्याला धरून उभी राहिलेली ती. तेव्हा सगळी पोरं तशीच जायची. ब्रेक लागला की बापाचा हात आडवा यायचा, तोच पट्टा.

"त्या दिवशी हातात कॉफी होती," कॅझ म्हणाले. "डॉक्टरला मी सांगितलं, पायरीवरून पडली. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. तिला अजून ठाऊक नाही."

"आईला ठाऊक आहे, डॅड."

"कुणी सांगितलं?"

"मी. तू गाडी लावत होतास तेव्हा."

कॅझ बघतच राहिले. "एकोणचाळीस वर्षं? आणि ती बाई एका शब्दाने बोलली नाही?"

"तुला काय वाटलं, त्यानंतर तू गाडीत कॉफी घेतलीस की ती तुझ्या हातातून कप का काढून घ्यायची?"

"मला वाटायचं, माझ्या ब्लडप्रेशरसाठी!"

या वेळी हसू रेनाटाला आवरलं नाही. हसता हसता ती उठली, मोजपट्टी काढली, मागच्या काचेखालच्या पत्र्यावर वाकली आणि पेन्सिलीने फुली मारली. खाली लावायची जाड लोखंडी पट्टी तिने केव्हाच कापून ठेवली होती. तीन आठवडे ती रंगाच्या डब्यांमागे लपवून ठेवलेली होती, स्वतःपासूनच.

"प्रदर्शनात विचारलं तर सांग, शुक्रवारची गाडी आहे," कॅझ म्हणाले. "जास्तीचं भोक हे अस्सलपणाचं लक्षण. मी सही करून देतो."

"खोटं नाही सांगणार. माझी मुलगी इथे बसते, असं सांगेन. मग काय गुण कापायचे ते कापू देत."

"आईवर गेलीस." मग फुलीकडे वाकून, "नीट मोजलंस ना?"

"तीनदा."

"चौथ्यांदा मोज. गुरुवार म्हणजे जवळजवळ शुक्रवारच."

तिने चौथ्यांदा मोजलं. मग ड्रिल टेकवलं, दात आवळले आणि खटका दाबला. पत्रा किंचाळला, चांदीसारखी एक कुरळी बट वळवळत बाहेर आली आणि टोक एकदम आत गेलं. भोक पडलं होतं. गाडीला काही झालं नाही. पट्टी, बोल्ट, वॉशर, नट. मग खुर्ची, गोणी, वरचा पट्टा. बाप आणि लेक दोघांनी मिळून माथा धरून ओढला. खुर्ची ढिम्म हलली नाही. रेवनच तेवढी स्प्रिंगांवर डुलली.

शनिवारी सकाळी कॅझना दोन दारांच्या गाडीत मागे बसवणं हाच एक सोहळा झाला. आधी एक पाय, मग डोकं, मग "थांबा, पट्टा कुठे गेला," मग टोपी. कर्टिस पुढे पाण्याच्या बाटल्या आणि सफरचंदाच्या फोडी मांडीवर घेऊन बसला. फर्नडेलच्या चौकात ते वुडवर्डला लागले आणि लागल्याबरोबर अडकले. पुढे लाल, मागे हिरवी, बाजूला नारिंगी, सगळ्या गुरगुरतायत आणि गोगलगायीच्या चालीने सरकतायत. कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून, शीतपेट्या शेजारी ठेवून पहाटेपासून बसलेले.

"जांभळी! कुठल्या सालची?"

"सत्तर!" रेनाटा ओरडली.

एका खुर्चीतला माणूस उठला. रेवन मंडळाची टोपी, गळ्यात दुर्बीण. तो गाडीच्या चालीने चालत चालत मागच्या काचेशी आला आणि त्याने आत वाकून पाहिलं.

"बाई, सगळं झकास आहे हो. पण तो खुर्चीचा पट्टा कारखान्यातला नाही!"

रेनाटाचे कान तापले. तिने तोंड उघडलं, पण मागून आधीच गल्ली हादरवणारा आवाज निघाला.

"कारखाना मागच्या सीटवर बसलाय! काय तक्रार असेल ती इकडे सांगा!"

आजूबाजूचे लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली. टोपीवाल्याने दुर्बीण खाली घेतली आणि टोपी काढून कॅझना सलाम ठोकला. सप्टेंबरात आरसा घेऊन येणाऱ्यांत तो असेल का, हा विचार रेनाटाच्या मनात चमकून गेला, आणि त्या विचारापाठोपाठ मागून एक बारीक आवाज आला.

"मम्मा, शू."

रेवनमध्ये प्रत्येक बोल्टचा विचार झाला होता. याचा झाला नव्हता. पुढे शंभर गाड्या, मागे शंभर गाड्या. कॅझ खिडकीतून ओरडले, "वाट द्या, पोरीला जायचंय!" आणि कडेचं अख्खं गाव उठलं. खुर्च्या सरकल्या, शीतपेट्या उचलल्या गेल्या, एका आजीने आपल्या घराकडे बोट करून सांगितलं, "दार उघडंच आहे, डावीकडे, कुत्रा काही करत नाही!" रेवन फुटपाथला टेकून उभी राहिली आणि रेनाटा लेकीला काखोटीला मारून अनोळखी अंगणातून पळत सुटली.

परत आली तेव्हा कॅझ दहाबारा जणांना युकरमध्ये कुबियाक कसा फसवायचा ते समजावून सांगत होते आणि कर्टिस सफरचंदाच्या फोडी वाटत होता. टिलीने खुर्चीत चढून दोन्ही हात वर केले.

"घट्ट, मम्मा. जाजा म्हणतात आता जोरात जायचं."

"इथे तासाला पाच मैल म्हणजेच जोरात," रेनाटा म्हणाली. तिने कमरेचा पट्टा ओढला, वरचा ओढला, पुन्हा एकदा ओढला. तिसऱ्यांदा हात पुढे गेला, तो तिने मागे घेतला, लेकीच्या गुडघ्यावर एक थाप मारली आणि जाऊन गाडी सुरू केली.