आप्पासाहेबांचं खरं वजन

मित्रांनो, माझ्यावर आजवर कोणी हसतमुखाने उभं राहिलेलं नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. मिरजगावच्या एका भुसार दुकानात मी ज्वारीची पोती तोलत होतो. तिथून सुकन्याताईंनी मला आणलं, दुरुस्त केलं, सरकारी शिक्का मारून घेतला आणि पुणतांब्याजवळच्या धावपट्टीवर ठेवलं. त्यांची 'गोदाकाठ विमानसेवा' तेव्हा नुकती जन्मली होती. नऊ जणांचं एकच विमान आणि कोल्हापूरची एकच खेप. एवढ्याशा विमानात भार जास्त झाला तर ते नीट उठत नाही, म्हणून सामानाबरोबर माणसंही तोलावी लागतात.

लोकांना तो अपमान वाटे. "आमी काय कांद्याच्या गोण्या हाय का?" म्हणत ते मला चपलेने ढोसत. आमचा मुलूख उसाचा. काटा म्हटलं की इथे आधी चोर आठवतो. फक्त तान्ही बाळं माझ्यावर रागवत नसत. आईच्या खांद्यावर झोपलेली ती आईसकट तोलली जात, आणि तेवढ्यापुरतं मला वाटे, आपण जराही हलू नये.

सुकन्याताईंचे चुलते आप्पासाहेब यांनी कंपनीत निम्मं भांडवल घातलं होतं. कारखान्यात काटा मारून शेतकऱ्याचा ऊस कमी भरवतात, म्हणून तरुणपणी त्यांनी रस्त्यावर ऊस ओतला होता, लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यावरच ते पुढारी झाले.

ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात ते पेरूच्या दोन पेट्या घेऊन आले. अशा उन्हात विमान आणखीच कमी भार उचलतं. माझ्यावर चढताना त्यांनी एक हात शेजारच्या टेबलावर रेटला. माझा आकडा घसरला.

"हात काढा, आप्पासाहेब," वजनं लिहिणारा हर्षल म्हणाला.

"तू लिही. कंपनी कुनाची हाय?"

हात निघाला आणि सगळ्यांची बेरीज मर्यादेच्या वर गेली. पेट्या ठेवून जायला ते तयार होईनात. देवळाली प्रवऱ्याच्या बनुबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून ते म्हणाले, "ही म्हातारी उद्या जाईल."

"मी काय मेथीची जुडी हाय व्हय, काढून ठिवायला?" बनुबाई म्हणाल्या. "पेरू उतरवा की."

"सुकन्या, पेट्यांचं वजन निम्मंच लिव्हायला सांग. न्हाईतर उद्या माझा पैसा बाहेर."

ताईंचा चेहरा उतरला. तो पैसा गेला तर विमान जमिनीवरच राहणार होतं. "आप्पा, काटा मारणाऱ्यांपायी तुम्ही डोकं फोडून घेतलंत," त्या म्हणाल्या. "आता मलाच काटा मारायला सांगताय?"

"माझ्या जिवावर उडतीस आन् मलाच शिकवतीस?"

"हर्षल, पेट्या बाजूला ठेव."

आप्पासाहेब पेट्यांसकट माघारी फिरले. जाताना मला लाथ घातली. माझी एक कड अजून चेपलेली आहे.

पैसा खरंच गेला. दिवाळीभर विमान ताडपत्रीखाली उभं राहिलं. ताई नवे भागीदार शोधत जिल्हाभर हिंडल्या, दारोदार टोमणे ऐकले. आज आमची दोन विमानं आहेत, नांदेडलाही जातात. पण चुलते-पुतणीत बोलणं नाही.

मागच्या महिन्यात आप्पासाहेबांच्या कोल्हापूरला दिलेल्या लेकीचं ऑपरेशन अचानक ठरलं. रस्त्याने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. ते तिकीट काढून आले, माझ्यावर चढले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ताईंकडे जळत्या नजरेने बघत राहिले.

"लिही," ते म्हणाले.

ताईंनी लिहिलं. "बसा," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मला शिव्या द्या, चालेल. पण मला सपाट जागी ठेवा, माझ्यावरची धूळ पुसा आणि उभं राहताना कशाला रेटू नका. वर आभाळात रेटायला टेबल नसतं.