अर्ध्या अर्ध्या तासाचे ठोके

शाळेत सुंदर अक्षराचं पहिलं बक्षीस: एक कंपासपेटी.

निळं पेन, खिशाला अडकवलेलं.

चार वर्षांची मुलगी. मान अजून धरत नाही.

प्रसूतिकक्षातला तक्ता. चार वाजता १४०, साडेचारला १४२, पाचला १४०, साडेपाचला १३८. पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके, मोत्यासारख्या अक्षरात.

तो तक्ता आता दाव्याच्या फायलीत होता, आणि तो लिहिणारी सिस्टर ग्राहक आयोगाच्या सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती.

"दर अर्ध्या तासाला ठोके मोजले, एवढंच म्हणायचं," इस्पितळाचे वकील म्हणाले. "बाकी कागद बोलेल. इतका नीटनेटका तक्ता मी जन्मात पाहिला नाही."

"तीच तर पंचाईत आहे," सिस्टर म्हणाली. "धावपळीत कुणाचं अक्षर असं येतं का हो?"

शेजारी मेट्रनबाई होत्या. "ए शहाणे, आठ महिन्यांनी रिटायर होशील. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस? ड्युटी संपताना तक्ते आपण सगळ्याच भरतो."

"हो ना. तुमचेसुद्धा मीच भरायचे. अक्षर चांगलं म्हणून."

मेट्रनबाईंनी तोंड फिरवलं.

समोरच्या बाकावर मुलीची आई. मांडीवर मुलगी, हनुवटीखाली रुमाल. तो ओला झाला तसा आईनं बदलला आणि मान वर न करताच म्हणाली, "किती हाका मारल्या तुम्हाला त्या दिवशी."

"ऐकू येत होत्या," सिस्टर म्हणाली.

आईचा हात रुमालावर तसाच राहिला.

पुकारा झाला. आत अध्यक्षांनी तक्ता पुढे सरकवला. "हे आकडे तुमचे?"

"अक्षर माझं. आकडे कुणाचेच नाहीत."

"म्हणजे?"

"चार ते सहा मी त्या बाईकडे फिरकलेच नाही. सहाला बाळ झालं ते निळं पडलेलं, रडेना. त्यानंतर सगळं एका बैठकीत लिहून काढलं."

वकिलांनी हळूच फाईल मिटली.

जबाब टाइप होऊन आला. सिस्टरनं प्रत्येक पानावर सही केली. इथंही मेलं अक्षर वळणदारच आलं. बाहेर पडताना मुलीची आई पाय जवळ घेऊन वाट देण्यापुरती सरकली. सिस्टर थांबली नाही.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी प्रसूतिकक्षात सात बाया कळा देत होत्या आणि सिस्टर एकच होती.