वकिलाच्या तोंडातली कडी

शर्यती सोडून आलेल्या त्या तांबड्या घोड्याला तबेल्यात सगळे वकील म्हणत, कारण काही सांगायला जावं तर आधी तो हरकत घ्यायचा. अंगात ताकद अफाट, आणि एकदा वारं भरलं की थांबणं कशाशी खातात हेच त्याला ठाऊक नव्हतं. महिन्याभरात त्याने दोघांना कुंपणापलीकडे पोचवलं. मालकीणबाईंनी निक्षून सांगितलं, रविवारपर्यंत हा कुणाच्याही हाताखाली थांबला पाहिजे, नाहीतर इथे राहणार नाही.

तबेला सांभाळणाऱ्या मामांच्या ते जिव्हारी लागलं. घोडा आणायचा हट्ट त्यांचाच होता. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस, उपाय ठरलेला. घोडा ऐकत नाही, तर लगामाची तोंडात बसणारी लोखंडी कडी कडक करायची. सांध्याची झाली, पिळाची झाली, लांब दांड्यांची झाली. वकील दर वेळी जास्तच जोरात पळाला.

शेवटी त्यांनी भाचीला बोलावलं. ती घोडे शिकवायची. आली ती खोगीर मागेल असं वाटलं, तर तिने वकिलाच्या ओठांत अंगठा घातला, तोंड उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. जीभ जाडजूड, टाळू खाली उतरलेला, हिरडीवर निळसर वळ. कडी ओढली की मधला सांधा टाळूत रुतत होता. मग कड्यांची पेटी उपडी करून तिने सगळ्यांत साधी कडी उचलली. गुळगुळीत, मध्ये चपटा मणी असलेली, जिभेवर निवांत पडणारी.

"ह्याने गाढवसुद्धा थांबायचं नाही," मामा म्हणाले.

"गाढवाला शर्यत कुणी शिकवलीय, मामा? ह्याला शिकवलीय. लगाम ताणला की त्यावर रेलायचं आणि सुटायचं. तुम्ही ओढता, त्याला वाटतं शाबासकी चाललीय."

चार दिवस ती त्याला छोट्या रिंगणात फिरवत राहिली. तो रेलला की ही लगाम सैल सोडायची, खोगिरात जड बसायची आणि लांब श्वास सोडायची. पहिल्या दिवशी मामांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी उभे राहिले आणि हातातला चहा निवून गेला तरी त्यांना कळलं नाही.

रविवारी भाचीने वकिलाला एका श्वासात थांबवून दाखवलं. मालकीणबाई म्हणाल्या, "तिचं ऐकेलच. पण ती उद्या जाणार. मामा, तुम्ही बसा."

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीत कुणाच्या तरी हातून बादली पडली आणि वकील उसळला. मामांच्या मुठी आपोआप आवळल्या. वकील खुशीत रेलला. कुंपण धावत येऊ लागलं. मामांनी दात आवळून मुठी उघडल्या. डोंगराच्या कड्यावरून हात सोडल्यासारखं वाटलं त्यांना. मग ते जड बसले, श्वास सोडला. वकिलाने दोन झेपा घेतल्या, तिसरी आखूड पडली. लगामाच्या पलीकडे भांडायलाच कुणी उरलं नव्हतं. तो थांबला, कुंपणापासून हातभर अंतरावर, आणि कान मागे वळवून मामांची चाहूल घेऊ लागला.

मालकीणबाई म्हणाल्या, राहू द्या त्याला. भाची लगाम धरायला पुढे आली.

"थांब गं," मामा म्हणाले. "एक फेरी अजून."