माझ्या पोराची भिंत

जमीन हलायची थांबली, त्सुनामीच्या इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला आणि तेत्सुरो टेकडीवरच्या नगर कार्यालयातून खाली धावत सुटला. एव्हाना सगळं गाव वर पळत यायला हवं होतं. पण वाटेत त्याला वर येणारं कोणी भेटेचना.

आईच्या गल्लीत बायका ओट्यावर बसून समुद्री शेवाळाचे देठ काढत होत्या. गल्लीच्या टोकाला समुद्राच्या लाटा अडवणारी भिंत होती, घरांच्या छपरांपेक्षा उंच. नगराचा इंजिनिअर म्हणून ती त्यानेच बांधून घेतली होती. उद्घाटनाला माइक धरून ‘आता निर्धास्त झोपा’ असं त्यानेच सांगितलं होतं. टाळ्या काय कडाडल्या होत्या!

"आई, ऊठ! वर चल!"

"कशाला? तो भोंगा मेला नेहमीच केकाटतो," त्याची आई किनुए म्हणाली. तिचे सुरकुतलेले हात थांबले नाहीत. "तू बांधलीयस ना भिंत?"

"पाणी भिंतीवरून येईल, आई!"

शेजारच्या ओइकावाकाकू हसल्या. "अहो इंजिनिअरसाहेब, तुमच्या शब्दावर मी इथे घर बांधलं, आणि आता तुमचेच पाय लटपटतायत?"

आईने त्याला हाताला धरून घरात ओढलं. "हळू बोल मेल्या! मीच पळाले तर लोक काय म्हणतील? सख्ख्या आईचा पोरावर भरवसा नाही म्हणतील. तोंड दाखवायला जागा राहील का तुला?"

ही बसली होती ती त्याच्या अब्रूसाठी, आणि गल्ली बसली होती ती हिच्याकडे बघून. भिंतीपलीकडे होड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"आई, भिंत पुरणार नाही. मागच्या लाटेएवढीच बांधलीय मी. त्याहून मोठी येऊ शकते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही." एवढा पन्नाशीचा माणूस, पण लहान पोरासारखा रडू लागला.

किनुएने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग बघतोस काय? पाठीवर घे मला."

दाराबाहेर पडताच ती किंचाळली, "ओइकावा, ऊठ! भिंत कुचकामी आहे! माझ्या पोराने फसवलंय सगळ्यांना!"

ओइकावाकाकूंच्या हातातलं शेवाळ गळून पडलं. त्या अनवाणीच टेकडीकडे धावत सुटल्या.

किनुएने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "तूही ओरड, मुक्या! माझा आवाज किती पुरणार?"

"मी तेत्सुरो!" तो ओरडला. आवाज चिरकला. "मी तुम्हाला फसवलंय! पळा!"

दारं उघडू लागली. कोणी शिवी हासडली, कोणी म्हातारीला उचललं. पण निम्मी दारं बंदच होती. भिंतीच्या माथ्यावरून काळं पाणी ओघळू लागलं. तेत्सुरोने ते पाहिलं आणि आईला घेऊन तो टेकडीकडे वळला.

"आधी पुढचं दार वाजव," आई त्याच्या कानात म्हणाली.